जुनी मासिकं स्कॅन तर केली, आता ती वाचू द्यायची की नाही? (ग्रंथालयं आणि कॉपीराइट)

जीर्णपान

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं एक वाचनालय आहे. मी कार्यकारिणीवर नाही, फक्त रविवारी सकाळी तीन तास तिथे जातो. गेली चार वर्षं आम्ही तिघं मिळून मागच्या खोलीतली जुनी मासिकं स्कॅन करतोय. १९२० ते १९६० च्या दरम्यानचे बांधीव खंड आहेत. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. एका वर्षी खालच्या फळीवरचे दोन खंड वाळवीने आतून पोखरले, वरून बघणाऱ्याला काही कळलं नाही. उचलायला गेलो तर हातात नुसती कापडी पाठ आली. तेव्हा हे काम सुरू केलं.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक संशोधक मुलगी आली. १९३० ते १९५० च्या काळात बायकांनी मासिकांतून लिहिलेल्या कथा ती शोधतेय. लेखिकांचं पुस्तक कधी निघालंच नाही, जे काही आहे ते या अंकांतच. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे स्कॅन आहेत तर मला पेन ड्राइव्हवर द्याल का?" कार्यवाहांनी नाही म्हटलं. "उद्या कुणाची नोटीस आली तर कोर्टात कोण उभं राहणार? आपलं अनुदान वेळेवर मिळायची मारामार, त्यात वकिलाची फी कुठून आणायची?" त्यांचंही मला पटलं. मुलीने दोन दिवस बसून वहीत उतरवून घेतलं. तिला हवा असलेला १९४१ चा खंड कपाटातून काढला तर पानांचा अक्षरशः भुगा होत होता. तो खंड आता फक्त आमच्या हार्ड डिस्कवर आहे. अजून कुठे असेल तर मला माहीत नाही.

मग हे सगळं केलं कशासाठी, असं मनात येत राहतं. कायदा नेमकं काय म्हणतो, कुणी सांगेल का? आंतरजालावर टाकणं सोडा, निदान समोर बसलेल्या वाचकाला तरी दाखवता येईल का?

सनद

मी वकील आहे. हे माझं रोजचं क्षेत्र नव्हे, पण एका संस्थेसाठी मागे यात बरंच खोलात जावं लागलं होतं.

आधी दिलाशाची गोष्ट. तुम्ही स्कॅन केलंत त्यात काही चुकलेलं नाही. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये, म्हणजे कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत, ग्रंथालयांसाठी एक उपकलम आलं. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती (पुस्तक, अंक, लेख) कागदावर असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवता येते. तुमचा १९४१ चा खंड स्कॅन करताना कागद तुमच्याकडे होता. नंतर त्याचा भुगा झाला म्हणून स्कॅन बेकायदा ठरेल असं मला वाटत नाही. जतन म्हणजे याच दिवसाची तजवीज.

अडचण पुढे आहे. ते उपकलम "साठवणे" इथे थांबतं. साठवलेलं कुणाला दाखवायचं, कुठे बसून, किती जणांना, यावर एक शब्द नाही. युरोपात २००१ पासून निदान ग्रंथालयाच्या आवारातल्या संगणकावर दाखवण्याची मुभा कायद्यात लिहिलेली आहे. आपल्याकडे त्या जागी मौन आहे, आणि मौन असलं की कार्यवाह घाबरणारच. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून भंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण तिथवर जायची कुणाची तयारी असते?

आणखी एक उपकलम आहे. एखादं पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. तिथे शब्द "पुस्तक" असा आहे. पुस्तिका, नकाशे, स्वरलिपीची पानं यांचा उल्लेख आहे, मासिकाचा नाही.

त्या मुलीबद्दल मात्र कार्यवाहांशी मी असहमत आहे. खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी कृतीचा रास्त वापर करायला कलम ५२ च्या सुरुवातीलाच परवानगी आहे. तिला लागणाऱ्या कथांच्या प्रती देता आल्या असत्या. चार वर्षांत स्कॅन केलेले सगळे अंक पेन ड्राइव्हवर देणं वेगळं, आणि तिच्या विषयाच्या पंधरा कथा देणं वेगळं. तिच्याकडून "फक्त संशोधनासाठी" असं लिहून घ्या आणि द्या. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा केला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. तो निकाल शिक्षणासाठीच्या वेगळ्या उपकलमावर होता, तुम्हाला थेट लागू होणार नाही. पण त्या निकालाची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकल न्यायाधीशांनी सांगितलं की कॉपीराइट हा काही लेखकाला आपोआप मिळालेला दैवी हक्क नव्हे, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने दिलेला हक्क आहे.

दाखलक्रमांक

एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालो. जीर्णपान, तुम्ही तिघांनी जे केलंय त्याबद्दल आधी नमस्कार घ्या.

आता कामाचं. सगळ्या अंकांना एकाच पारड्यात घालू नका. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. मुदत संपली की लेखन खुलं, म्हणजे परवानगी न घेता कुणीही छापावं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०११ पासून खुलं. चिं. वि. जोशी आणि इतिहासकार शेजवलकर दोघंही १९६३ चे, म्हणजे २०२४ पासून खुले. सावरकर १९६६ चे, त्यांचं १ जानेवारी २०२७ ला. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे १९६९ चे, म्हणजे २०३० ची वाट बघायची.

पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ संपताना त्यांचं लेखन खुलं होणार होतं. त्यांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या विश्वभारतीला ते नको होतं, म्हणून शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला आणि मुदत ६० झाली. आपल्या भा. रा. तांब्यांचं निधनही १९४१ चंच, डिसेंबरातलं. त्यांच्या कवितेसाठी कुणी मागणी केली नव्हती, तरी तीही आणखी दहा वर्षं बंद राहिली. दिल्लीतला एक निर्णय ग्वाल्हेरच्या मराठी कवीला कसा लागू होतो, ते मी ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना याच उदाहरणाने सांगायचो.

पुस्तकाचं हे झालं तुलनेने सोपं. मासिक म्हणजे गाठोडं. एका दिवाळी अंकात चाळीस लेखक, पाच चित्रकार, एक मुखपृष्ठ, त्यातले तिघं टोपणनावाने लिहिणारे. मासिकाच्या पगारी संपादकाने लिहिलेलं मासिकाच्या मालकाचं. बाहेरच्या लेखकाने लिहिलेलं, लेखी करारनामा नसेल तर, लेखकाचंच. आणि त्या काळी करारनामे कोण करत होतं? दहा रुपये मानधनाची मनीऑर्डर आली की व्यवहार संपला. म्हणजे चाळीस मृत्युवर्षं शोधायची. त्यातली पंधरा सापडतील, आणि ती नामवंतांची असतील. तुमच्या त्या संशोधक मुलीच्या लेखिका मात्र सापडणार नाहीत. "सौ. कमल" एवढंच नाव, गाव नाही, आडनाव नाही. लग्नानंतर नाव बदललं की मागच्या नावाशी सांधा तुटतो. बायकांचं लेखन याच कुलपात सर्वांत जास्त अडकलंय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सनद

दाखलक्रमांक काकांनी टोपणनावाचा विषय काढला म्हणून भर घालतो. लेखक कोण हे उघड झालेलंच नसेल, तर मुदत मृत्यूपासून न मोजता प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९४१ च्या अंकातली निनावी किंवा निव्वळ टोपणनावाची कथा २००२ पासून खुली, जर त्या ६० वर्षांत खरं नाव पुढे आलं नसेल तर. "सौ. कमल" हे टोपणनाव धरायचं की अर्धवट खरं नाव, यावर वाद होऊ शकतो. माझा कल पहिल्याकडे आहे.

आणि जुन्या अंकांबाबत एक पुस्ती. १९५७ चा कायदा जानेवारी १९५८ ला अमलात आला. त्याआधीच्या लेखनाचा पहिला मालक कोण, हे १९१४ च्या कायद्याने बघावं लागतं. तत्त्व जवळपास तेच आहे.

मुद्रितशोधक

मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे आंतरजालावरच्या मोफत ग्रंथालयात, काम करतो. स्कॅन केलेल्या पानावरून मजकूर टंकायचा, तपासायचा, असं पानपान करत पुस्तक उभं राहतं. मुदत संपलेलं जे असेल ते आम्हाला द्या, आनंदाने करू.

पण एकाच पुस्तकात मुदती कशा गुंततात ते सांगतो. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपात आली १९५२ साली. हयातीत न छापलेल्या लेखनाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणजे गाणी २०१३ पासून सगळ्यांची. त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि ती २०३० पर्यंत नाही. म्हणजे पुस्तक जसंच्या तसं चढवता येत नाही, पहिली पानं बाजूला काढावी लागतात. ज्या प्रस्तावनेने महाराष्ट्राला बहिणाबाईंची ओळख करून दिली, तीच वगळायची.

बाबासाहेबांच्या बाबतीतही "१९५६ म्हणजे २०१७ पासून सगळं खुलं" असं लोक धरून चालतात. हयातीत छापलेलं खुलं आहे. पण राज्य शासनाच्या खंडांतून १९८० च्या दशकात जे प्रथमच प्रसिद्ध झालं, त्याची ६० वर्षं तिथून सुरू होतात.

दुसरी_आवृत्ती

मी छोटा प्रकाशक आहे. पाचशे प्रतींची आवृत्ती काढतो, ती संपायला तीन वर्षं लागतात. धाग्याचा सूर चांगला आहे, पण आमची बाजूही ऐका.

माझ्या एका लेखकाचं पुस्तक आलं आणि दोन महिन्यांत त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागली. कुणीतरी प्रत आणून, बाइंडिंग उसवून, नीट स्कॅन केली होती. खाली "ज्ञान सर्वांसाठी" असं लिहिलेलं. त्या पुस्तकासाठी लेखकाने सहा वर्षं गावोगाव हिंडून माहिती गोळा केली होती. दुसरी आवृत्ती मी काढू शकलो नाही. तेव्हा "जुनं आहे, मिळत नाही, म्हणून टाकलं" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. आज १९४१ चं, उद्या १९८१ चं, परवा मागच्या वर्षीचं. आणि "मिळत नाही" हे ठरवणार कोण? आमच्या गोदामात शेवटच्या चाळीस प्रती असतात, दुकानात नसतात.

जीर्णपान

दुसरी_आवृत्ती, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. विक्रीत असलेल्या पुस्तकाला आम्ही हात लावणार नाही. आमच्याकडच्या मासिकांचे मालक, छापखाने, संपादक सगळेच काळाआड गेलेत. ते अंक कुणी पुन्हा छापणार नाही. कुणाच्या तोंडचा घास आम्ही काढत नाही, एवढंच सांगायचंय.

मिशिगनकर

अमेरिकेतून लिहितेय. तुमच्या अंकांची दुसरी प्रत कदाचित इथे असेल, निदान १९६० नंतरच्या पुस्तकांची तर नक्की असते. पीएल-४८० योजनेत भारताने अमेरिकेकडून घेतलेल्या गव्हाचे पैसे रुपयांत दिले, आणि त्या रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली. मी ज्या विद्यापीठात आहे तिथे मराठीची रांगच्या रांग आहे. कित्येक पुस्तकांवर शेवटचा शिक्का १९७८ चा. मी पहिल्यांदा ती रांग पाहिली तेव्हा तिथेच जमिनीवर बसून वाचत राहिले होते.

त्यातली पुष्कळ पुस्तकं स्कॅन होऊन हाथीट्रस्टवर, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या सामायिक डिजिटल ग्रंथालयात गेलीत. उघडायला जावं तर "फक्त शोध" असं येतं. शब्द कोणत्या पानावर आहे ते कळतं, पान दिसत नाही. कारण इथली मुदत वेगळी. १९९६ साली परदेशी लेखनाचे हक्क इथे पुन्हा जिवंत झाले आणि त्या काळच्या पुस्तकांना प्रसिद्धीपासून ९५ वर्षं लागतात. 'श्यामची आई' १९३५ ची. भारतात २०११ पासून खुली, इथे २०३० संपेपर्यंत नाही. कागद भारतात नष्ट होतोय आणि इथला स्कॅन बंद आहे.

इंटरनेट आर्काइव्ह या इथल्या ऑनलाइन ग्रंथालयाचं प्रकरणही लक्षात ठेवा. त्यांच्याकडे कागदी प्रत जितकी, तितक्याच जणांना एका वेळी स्कॅन उसना द्यायचा, असा नियम ते पाळायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ग्रंथालयं बंद झाली म्हणून ती मर्यादा त्यांनी काही आठवडे उठवली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला. निकाल विरुद्ध गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरले. न्यायालयाने मर्यादा पाळून उसनं देणंसुद्धा अमान्य केलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. आपली मराठी पुस्तकं तिथे बरीच आहेत, भारतात झालेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनमधून आलेली. ती मूळ साइट बंद झाली, आर्काइव्हवरची प्रत राहिली. त्यात मुदत संपलेली आणि न संपलेली सगळी सरमिसळ आहे. हक्क नीट न तपासता स्कॅन केलं की एक दिवस सगळंच एकदम जाण्याचा धोका, म्हणून जीर्णपान यांच्यासारखं सावकाश केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं.

श्राव्य

मी जन्मापासून अंध आहे, शाळेत मराठी शिकवतो. या चर्चेत एक दार आधीच उघडं आहे, त्याकडे लक्ष वेधतो. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी कोणतीही कृती ब्रेल, ध्वनी किंवा संगणकाला वाचता येईल अशा रूपात करायला परवानगी दिली. नफा न घेता काम करणाऱ्या संस्थेला लेखकाची वेगळी संमती लागत नाही. पुढे अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१४ साली सर्वांत आधी भारताने मंजूर केला. म्हणजे जीर्णपान यांचं वाचनालय माझ्यासाठी १९५५ चा अंक आज, आत्ता रूपांतरित करून देऊ शकतं. मुदत संपलेली असो वा नसो. फक्त तो माझ्यासारख्या वाचकांपुरताच राहील याची काळजी घ्यायची.

पण स्कॅनचं नुसतं चित्र असेल तर माझा स्क्रीन रीडर गप्प बसतो. आत मजकूर लागतो. जुन्या मराठी टाइपातली जोडाक्षरं ओळखताना यंत्र अजून फार चुकतं, तेव्हा कुणीतरी माणसाने तपासायला हवं. मला तांब्यांच्या पिढीतल्या मासिकांतलं साहित्य कधीच वाचता आलेलं नाही. दुसऱ्याने वाचून दाखवलं तेवढंच.

जीर्णपान

सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. येत्या बैठकीत पहिला विषय हाच ठेवायला सांगतो. कार्यवाहांना कलम दाखवता आलं की ते ऐकतात.

तबकडी

थोडं अवांतर, पण जवळचं. माझ्याकडे ७८ आरपीएमच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या आहेत. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं. १९६५ साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२६ पासून खुली. पण ते झालं मुद्रणाचं. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे चालतात. खाडिलकर १९४८ चे, त्यांची पदं खुली. माडगूळकर १९७७ चे, त्यांच्या शब्दांना २०३८ पर्यंत थांबायचं, तबकडी कितीही जुनी असली तरी. ज्यांना वारशात तबकड्या मिळाल्यात त्यांनी एवढं तपासून मगच यूट्यूबवर टाकावं. आणि मेहरबानी करून तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

शेवंती

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. माझे आजोबा लेखक होते. फार मोठं नाव नव्हतं. १९४५ ते १९६५ या काळात त्यांनी कथा लिहिल्या, दोन कादंबऱ्या आल्या. १९८३ साली गेले. म्हणजे तुमच्या हिशोबाने त्यांचं लेखन २०४४ ला मोकळं होणार. तोवर मीही सत्तरीच्या पुढे असेन.

कायद्याने आम्ही सात जण वारस आहोत. आई, दोन मावश्या, गेलेल्या मामाची मुलं. त्यातला एक ऑस्ट्रेलियात. आमच्यापैकी कुणालाही त्या हक्कातून एक रुपया मिळालेला नाही आणि मिळेल अशी अपेक्षाही नाही. आम्हाला एवढंच हवंय की त्यांना कुणीतरी वाचावं. गेल्या चाळीस वर्षांत आम्हाला कुणी विचारलंच नाही. ज्याने विचारायचं त्याला आम्ही सापडत नाही, आणि आम्हाला आपण वारस आहोत हे एका प्रकाशकाच्या जुन्या पत्रावरून कळलं.

आणि एकदा आजोबांची कथा व्हॉट्सअॅपवर आली, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव. आईने ती वाचली आणि जेवली नाही त्या दिवशी. तेव्हा परवानगी ही नुसती कायद्याची कटकट म्हणून बघू नका. कुणी विचारायला आलं तर त्यात आजोबांचा मान असतो.

जीर्णपान काका, तुमच्या अंकांत त्यांच्या कथा असू शकतील का? मी तुम्हाला निरोपात नाव कळवते.

दाखलक्रमांक

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सापडत नसलेल्या वारसांसाठी कायद्यात वाट आहे, हे सनद सांगतीलच. तीही किती अरुंद आहे ते ऐका.

सनद

कलम ३१-अ. लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कदाराचा पत्ता लागत नसेल, तर प्रसिद्ध करण्यासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे हक्कदाराच्या संमतीऐवजी मिळणारा परवाना, मागता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी दैनिकात जाहिरात फक्त मराठीत भाषांतर करायचं असेल तर! मराठी मासिकातल्या मराठी कथेच्या वारसाला इंग्रजी दैनिकातून हाक मारायची, असा हा नियम. मग अर्ज. पूर्वी तो बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचा, २०२१ मध्ये ते मंडळच रद्द झालं आणि विषय न्यायालयांकडे गेला. ठरेल ती रॉयल्टी आधी भरून ठेवायची, वारस पुढे आला तर त्याला मिळावी म्हणून. हे सगळं एकेका कृतीसाठी. चाळीस लेखकांच्या अंकाचा हिशोब करा. तालुक्याचं वाचनालय या वाटेने जाऊच शकत नाही.

वारस सापडलेले असले की मात्र काम सोपं. सातही जणांनी सही केलेलं एक साधं पत्र पुरे. कोणत्या कृती, कुणाला, कशासाठी, किती काळ, कुठे, हे स्पष्ट लिहायचं. काळ लिहिला नाही तर हक्क हस्तांतरणात कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जुन्या प्रकाशकाशी करार असला तरी घाबरू नका. ज्या काळी ई-पुस्तक नव्हतं त्या काळच्या करारात ते हक्क गेले असं धरणं अवघड आहे. २०१२ पासून तर कायद्यातच आलं की तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो हक्क जात नाही.

ग्रंथालयांना एक विनंती. घरातली पुस्तकं, वह्या, पत्रं देणगी म्हणून घेता तेव्हा त्याच कागदावर हक्कांबद्दलही लिहून घ्या. पत्रांच्या बाबतीत विशेष. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. लेखकाच्या मुलाने वडिलांना आलेली शंभर पत्रं दिली, तर हक्क शंभर वेगवेगळ्या घरांत आहेत. आणि कधीच न छापलेल्या पत्राची मुदत सुरूच होत नाही, कारण ती प्रसिद्धीपासून मोजायची. एकच सवलत, लिहिणारा जाऊन ६० वर्षं झाली असतील तर ग्रंथालयातल्या अशा कागदाची नक्कल अभ्यासासाठी किंवा प्रकाशनासाठी करता येते.

मिशिगनकर

नॉर्वेने हे फार वेगळ्या रीतीने सोडवलंय. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हक्कदारांच्या संघटनेशी एकत्र करार केला. निदान २००० सालापर्यंतची नॉर्वेजियन पुस्तकं देशातल्या कुणालाही घरबसल्या वाचता येतात. सरकार हक्कदारांना पैसे देतं, ज्याला नको असेल तो आपलं पुस्तक काढून घेऊ शकतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांसाठी असंच केलं. आधी जाहीर नोंद, सहा महिने वाट, कुणी हरकत घेतली नाही तर खुलं.

दुसरी_आवृत्ती

हे मला चालेल. गोदामात चाळीस प्रती असतील तर मी सहा महिन्यांत हरकत घेईन. माझी यादी मीच देईन, ग्रंथालयाला शोधत बसायला नको. मराठी प्रकाशकांनी एकत्र येऊन अशी "अजून उपलब्ध" यादी केली तर निम्मं भांडण मिटेल. माझ्याकडून सुरुवात करतो, बंद पडलेल्या माझ्या अकरा पुस्तकांपैकी ज्यांचे लेखक किंवा वारस संपर्कात आहेत त्यांना या आठवड्यात विचारतो.

जीर्णपान

बैठक झाली. अहवाल देतो.

कार्यवाहांनी सनद यांचा प्रतिसाद छापून सगळ्यांसमोर वाचला. ठरलं ते असं. मुदत नक्की संपलेल्या लेखनाची यादी आधी करायची, ती विकिस्रोताला द्यायची. संशोधकाला मागणीपत्र भरून घेऊन त्याच्या विषयापुरत्या प्रती द्यायच्या, नागपूरच्या मुलीला तसं कळवलं. श्राव्य सरांसाठी १९५५ चा दिवाळी अंक पहिला करायचा, गावातल्या महाविद्यालयातल्या चार मुली टंकायला तयार झाल्यात. उरलेलं, म्हणजे बहुसंख्य, हार्ड डिस्कवरच राहणार. दुसरी डिस्क घ्यायला पैसे मंजूर झाले, ती दुसऱ्या गावी ठेवणार.

आम्ही एक वही घातलीय. अंकातल्या प्रत्येक लेखकाचं नाव, टोपणनाव, गाव कळलं असेल तर गाव, मृत्युवर्ष, माहिती कुणाकडून मिळाली. पहिल्या तीस अंकांत ४१२ नावं निघाली. १३८ जणांची वर्षं लागली. वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती नावं वाचून दाखवतो. परवा एक आजी म्हणाल्या, "अहो ही तर आमच्या शाळेतली बाई!"

शेवंतीताई, तुम्ही कळवलेलं नाव तीन अंकांत सापडलं. स्कॅन निरोपात पाठवलेत. वारस म्हणून ते तुमचेच आहेत, त्यात कुणाची परवानगी लागत नाही.

शेवंती

मिळाले. त्यातल्या दोन कथा घरी कात्रणात होत्या. तिसरी, १९४९ ची, आम्हा कुणाला माहीतच नव्हती. आई आता ८१ वर्षांची आहे, तिला काल रात्री वाचून दाखवली. त्यात एक मुलगी आजारी पडते तो भाग आला तेव्हा आई म्हणाली, हे माझंच दुखणं आहे, मला टायफॉइड झाला होता.

पाच जणांच्या सह्या झाल्या. एक मावशी पुण्याला आहे, रविवारी जाऊन आणते. ऑस्ट्रेलियाच्या भावाने कागद पोस्टात टाकलाय. तिन्ही कथा विकिस्रोतावर जाऊ देत. नाव मात्र पूर्ण लिहा, आडनावासकट.

मुद्रितशोधक

नाव पूर्ण येईल, ताई. सह्या आल्या की पत्राची प्रत मला पाठवा, परवान्याची नोंद कशी करायची ते मी सांगतो. विकिस्रोताच्या परवान्यात पुढे कुणीही नाव देऊन ते पुन्हा छापू शकतो, हे सातही जणांना आधी नीट समजावून सांगा, मगच सही घ्या.

जीर्णपान, १९४९ च्या कथेचं दुसरं पान उजवीकडे कापलं गेलंय, प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं दिसत नाहीत. खंड शिवणीपाशी घट्ट असेल तर जोर देऊ नका, पाठ तुटेल. फोन तिरका धरून फोटो काढलात तरी चालेल.